भिंगाला धरून ठेवणारे तंतू आणि तालमीतला मुलगा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापूरजवळच्या एका गावातून एका आईने लिहिले आहे. त्यांचा १४ वर्षांचा मुलगा नववीत शिकतो आणि लहानपणापासून तालमीत जातो. घरात आजोबांपासून कुस्तीची परंपरा आहे. मुलाची उंची आणि लांब हात पाहून वस्ताद त्याच्याकडून मोठी आशा धरून आहेत. गेली काही वर्षे त्याच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता आणि सिलिंडरचा नंबर वाढत होता. अलीकडे नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांतली भिंगे वर आणि कानाच्या बाजूला सरकल्याचे आढळले. भिंगाला धरणारे तंतू सैल आहेत, पुढे शस्त्रक्रिया लागू शकते, असे त्यांनी सांगितले. आईला वाटते की हे तालमीतल्या माराने झाले. वडील म्हणतात, मोबाइलने आणि रात्रीच्या अभ्यासाने तंतू ताणले गेले. आजीच्या मते लहानपणी मुलाला कॅल्शियम आणि बदाम कमी पडले. आईचे प्रश्न असे आहेत: तालीम बंद करावी का, दहावीच्या आधी शस्त्रक्रिया उरकून घ्यावी का, आणि व्यायामाने किंवा खुराकाने हे तंतू पुन्हा घट्ट होतील का?

ताई,

सविस्तर उत्तराआधी लगेच करायच्या दोन गोष्टी सांगते. हे उत्तर वाचाल त्या दिवसापासून मुलाचे जोर, बैठका आणि लढती थांबवाव्यात, आणि येत्या काही दिवसांत त्याच्या हृदयाची टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेणारी, तपासणी करून घ्यावी. डोळ्याबद्दल विचारले तर हृदयाचे उत्तर का मिळाले, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण त्या तंतूंमध्येच आहे, आणि ते समजून घेतले तर दोष कोणाचा, हा तुमच्या घरातला वादही बराचसा निवळेल, अशी मला खात्री वाटते. म्हणून थोडे मुळापासून सांगते.

आपल्या डोळ्यातले भिंग बाहुलीच्या लगेच मागे असते. मोठ्या माणसात त्याचा व्यास साधारण ९ ते १० मिलिमीटर आणि जाडी सुमारे ४ मिलिमीटर असते. त्याच्या पुढे पाण्यासारखा द्रव असतो, मागे घट्टसर पारदर्शक द्रव असतो, आणि त्याला कोणताही स्नायू किंवा कूर्चा थेट चिकटलेली नसते. ते जागेवर राहते ते केवळ चहूबाजूंनी त्याला ओढून धरणाऱ्या शेकडो बारीक तंतूंमुळे. डॉक्टर त्यांना झोन्यूल म्हणतात. गटिंगेन येथील शरीररचनाशास्त्रज्ञ योहान गॉटफ्रीड झिन यांनी १७५५ मध्ये मानवी डोळ्याच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून हे तंतू त्यांच्या नावाशी जोडले गेले आहेत. झिन वनस्पतींचेही अभ्यासक होते. आपल्या अंगणात फुलणाऱ्या झिनियाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

हे तंतू डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला आतून लागून असलेल्या सिलिअरी भागातून निघतात. तिथे सुमारे ७० घड्यांसारखे उंचवटे गोलाकार मांडलेले असतात. तंतू त्या उंचवट्यांच्या माथ्यावरून न जाता त्यांच्यामधल्या खोलगट जागांतून पुढे येतात, आणि मग मोकळी जागा ओलांडून भिंगाच्या आवरणाला जाऊन मिळतात. काही तंतू आवरणाच्या पुढच्या बाजूला, काही मागच्या बाजूला आणि काही थेट कडेला रुजतात, त्यामुळे भिंग पुढेमागे न डुलता बाहुलीच्या बरोबर मध्यावर राहते. ढोलाचे पान चहूबाजूंच्या दोऱ्यांनी सारखे ताणून बसवतात, तशीच ही रचना आहे: सगळ्या दोऱ्या सारख्या ताणलेल्या असतील तोवर पान मध्यावर आणि सपाट राहते, पण एका अंगाच्या दोऱ्या ढिल्या पडल्या की ते उरलेल्या घट्ट दोऱ्यांच्या दिशेने ओढले जाते. तुमच्या मुलाच्या भिंगांचे नेमके हेच झाले आहे. ती वर आणि बाहेर सरकली याचा अर्थ खालच्या आणि नाकाकडच्या बाजूचे तंतू अधिक दुबळे आहेत, आणि वरच्या बाजूचे अजून काम करत आहेत.

आता मोबाइलचा आणि अभ्यासाचा प्रश्न घेऊ, कारण इथे तुमच्या यजमानांचा समज वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे, आणि तसा तो बहुतेक घरांत असतो. जवळचे पाहताना डोळ्याला श्रम होतात, म्हणजे तंतू ताणले जात असणार, हे तर्काला पटण्यासारखे आहे. परंतु तंतू जिथून निघतात त्या सिलिअरी भागातला सिलिअरी स्नायू हा एक गोल कडेसारखा स्नायू आहे. तो आकुंचन पावतो तेव्हा त्याचे मधले वर्तुळ लहान होते, तो भिंगाच्या जवळ येतो आणि त्यामुळे तंतू सैल पडतात. तंतूंची ओढ कमी झाली की भिंगाचे लवचिक आवरण त्याला अधिक फुगीर, अधिक गोल बनवते, त्याची शक्ती वाढते आणि जवळची अक्षरे स्पष्ट दिसतात. याउलट दूर पाहताना स्नायू सैलावतो, वर्तुळ मोठे होते, तंतू ताठ होतात आणि भिंग चपटे राहते. डोळ्याची पुढची काच नव्हे, तर आतले भिंग बदलून आपण जवळचे पाहतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये प्रयोगांनी दाखवले, आणि तंतू सैल पडल्यामुळे भिंग फुगते, ही उपपत्ती जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडली. आजही तीच सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणजे पुस्तक वाचताना किंवा मोबाइल पाहताना मुलाच्या तंतूंना ताण नव्हे, विश्रांती मिळत होती. मोबाइलचा अतिवापर अन्य कारणांसाठी जरूर कमी करावा. मात्र भिंग सरकण्याचा आरोप त्याच्यावर ठेवता येणार नाही.

याच यंत्रणेत चष्म्याच्या नंबरचाही उलगडा आहे. तंतू एकदा कायमचे ढिले झाले की दूर पाहतानाही भिंग पुरेसे चपटे होत नाही, ते थोडे फुगलेलेच राहते, आणि म्हणून उणे नंबर वाढतो. शिवाय ते तिरके झाले असेल किंवा बाहुलीसमोर त्याचा मधला भाग न येता कडेचा भाग येत असेल, तर वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळी शक्ती पडते आणि सिलिंडरचा नंबर वाढत जातो. काही मुलांना एका डोळ्यानेसुद्धा दोन प्रतिमा दिसतात, कारण बाहुलीचा अर्धा भाग भिंगातून पाहत असतो आणि अर्धा भिंगाच्या बाहेरून. नंबर झपाट्याने, विशेषतः सिलिंडरसह, बदलत असलेल्या प्रत्येक मुलाची बाहुली मोठी करून एकदा तरी तपासणी व्हावी, असे मी इतर पालकांनाही आग्रहाने सांगते. केवळ दुकानात नंबर काढून चष्मा बदलत राहिले, तर ही गोष्ट वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

मग तालमीतला मार? ही शंका मात्र निराधार नाही. डोळ्यावर जोराचा फटका बसून हे तंतू तुटणे हे भिंग सरकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे, आणि डोक्याला डोके आपटणे कुस्तीत नवीन नाही. पण माराची खूण बहुधा एका डोळ्यात दिसते, आणि तिच्यासोबत डोळ्यात रक्त उतरणे, बाहुली वेडीवाकडी होणे किंवा निदान तो प्रसंग सर्वांना आठवणे, यांपैकी काहीतरी असते. तुमच्या पत्रात असा एकही प्रसंग नाही. उलट दोन्ही डोळ्यांत, एकमेकांचे प्रतिबिंब शोभावे असे, एकाच दिशेने भिंग सरकले आहे. बाहेरचा मार इतका समतोल नसतो. असे चित्र दिसते तेव्हा तंतू मुळातच दुबळे विणले गेले असावेत, असा निष्कर्ष आम्ही काढतो. वस्तादांनी किंवा जोडीदाराने काही केले, असे मनात धरून कोणाशी भांडू नये. मात्र यातून तालीम निर्दोष ठरते, म्हणून ती चालू ठेवावी, असा अर्थही कोणी काढू नये; दुबळ्या तंतूंना लहानसा धक्कासुद्धा पुरतो.

आता आजींच्या बदामांकडे येण्यासाठी हे तंतू कशाचे बनलेले असतात ते पाहावे लागेल, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पत्राचे उत्तर याच ठिकाणी आहे. प्रत्येक तंतू म्हणजे त्याहून कितीतरी सूक्ष्म अशा धाग्यांची जुडी असते. त्या एकेका धाग्याची जाडी सुमारे १० ते १२ नॅनोमीटर, म्हणजे केसापेक्षा कित्येक हजारपट कमी असते. हे धागे मुख्यतः फिब्रिलिन-१ या प्रथिनाचे असतात. हे प्रथिन १९८६ मध्ये ओळखले गेले. धाग्यावर ठरावीक अंतराने, ताण नसताना सुमारे ५६ नॅनोमीटरवर, फुगवटे असतात. ताण आला की ते एकमेकांपासून दूर जातात आणि ताण सुटला की पुन्हा जवळ येतात. त्वचा किंवा रक्तवाहिन्या ताणल्या जातात त्या मुख्यतः इलास्टिन या प्रथिनामुळे, पण भिंगाच्या तंतूंत इलास्टिन जवळपास नसतेच. इथे सगळा भार फिब्रिलिनवर असतो. हा भार वजनाच्या भाषेत फार नाही, सगळे तंतू मिळून काही ग्रॅम वजनाएवढाच. परंतु तो आपण जागे असू तोवर सतत, आयुष्यभर पेलावा लागतो. म्हणून फिब्रिलिनमध्ये जन्मजात उणीव असेल तर ती अनेकदा सर्वांआधी डोळ्यात दिसते.

फिब्रिलिनच्या घडणीत कॅल्शियमला खरोखरच स्थान आहे. त्याचे अनेक भाग कॅल्शियमचे अणू धरून ठेवतात आणि त्यामुळे धाग्याला ताठपणा येतो. आजींचा अंदाज या अर्थी अगदीच हवेतला नाही. पण त्यासाठी लागणारे कॅल्शियम शरीरात नेहमीच उपलब्ध असते. अडचण असते ती कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची रचनाच बदललेली असते ही, आणि ती रचना गर्भधारणेच्या वेळीच ठरलेली असते. तुम्ही काय खाल्ले, मुलाला काय भरवले, यामुळे ती बदलली नाही आणि बदलणारही नाही. डोळ्यांच्या व्यायामांचेही तसेच आहे. व्यायाम झाला तर स्नायूला होईल. तंतू हे स्नायू नाहीत, ते व्यायामाने बळकट होत नाहीत, आणि तुटलेले तंतू शरीर पुन्हा विणून देत नाही. कोणी औषधी थेंब, त्राटक किंवा मालिश यांनी भिंग जागेवर आणून देतो असे म्हणाले, तर कृपा करून पैसे आणि वेळ दोन्ही वाचवावेत. डोळे चोळणेही टाळावे.

आता हृदयाकडे येते. हेच फिब्रिलिन-१ हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीतही असते. तिथे ते इलास्टिनच्या थरांना आधार देते आणि प्रत्येक ठोक्याचा दाब सोसण्यात त्याचा वाटा असतो. १८९६ मध्ये आंत्वान मार्फान या फ्रेंच डॉक्टरांनी लांब हातपाय आणि बोटे असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. पुढे त्या लक्षणसमूहात सरकलेले भिंग आणि फुगलेली महाधमनी यांची भर पडली, आणि १९९१ मध्ये त्याचे मूळ पंधराव्या गुणसूत्रावरच्या, फिब्रिलिन-१ घडवणाऱ्या जनुकात असल्याचे सिद्ध झाले. मार्फान यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार, मार्फान सिंड्रोम, साधारण ५,००० माणसांत एकाला असतो. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची भिंगे सरकतात, आणि ती बहुधा वर आणि बाहेरच्या बाजूला सरकतात. उंच बांधा, लांब हात, कमी वयात दोन्ही भिंगे वरच्या बाजूला: तुमच्या पत्रातल्या या गोष्टी एकत्र वाचल्यावर मला हीच शंका प्रथम आली. वस्तादांनी ज्या शरीरयष्टीचे कौतुक केले, तीच कदाचित या दुखण्याची खूण असेल, हे लिहिताना मला फार वाईट वाटते, पण ते तुमच्यापासून दडवणे योग्य होणार नाही.

ही शंका आहे, निदान नव्हे. कोल्हापूर परिसरात उंच, सडपातळ मुले पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक पूर्ण निरोगी आहेत. केवळ भिंगे सरकलेली आणि बाकी सर्व ठीक, अशीही कुटुंबे असतात. म्हणूनच इको महत्त्वाची आहे. तिच्यात महाधमनीच्या मुळाचा व्यास मोजतात आणि तो मुलाच्या वयाच्या आणि आकारमानाच्या मानाने किती, हे पाहतात. २०१० मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार भिंग सरकलेले असणे आणि महाधमनीचे मूळ फुगलेले असणे, या दोन गोष्टी मार्फानच्या निदानाला पुरेशा असतात. या तपासणीत सुई नाही, वेदना नाही, आणि ती खर्चिकही नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या सोयीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे चौकशी करावी. शाळेत तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येत असेल तर त्यांच्यामार्फतही पुढे पाठवले जाते. जाताना नेत्रतज्ज्ञांचा कागद न्यावा आणि मार्फानची शंका आहे हे स्पष्टपणे सांगावे, म्हणजे नेमके मोजमाप होईल. पहिली इको चांगली आली तरी ती कायमची सुटका नव्हे. वाढीच्या वयात ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. महाधमनी फुगू लागली असेल तर ते वेळीच कळणे हाच मोठा फायदा आहे, कारण ते फुगणे मंदावणारी औषधे उपलब्ध आहेत, आणि वेळेवर शस्त्रक्रियाही करता येते.

तालीम बंद करावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर होय असे आहे, आणि ते डोळा आणि हृदय अशा दोन्ही बाजूंनी तेच येते. कुस्तीत डोक्याला, चेहऱ्याला धक्के बसतात, हे तर झालेच. त्याशिवाय श्वास रोखून जोर लावताना, प्रतिस्पर्ध्याला उचलताना किंवा पकडीत धरून ठेवताना रक्तदाब एकदम चढतो, आणि तो सगळा भार महाधमनीच्या भिंतीवर येतो. इको होईपर्यंत हे थांबवणे ही किमान खबरदारी आहे. मार्फानचे निदान झाले तर लढतीची कुस्ती कायमची सोडावी लागेल. निदान झाले नाही तरी सरकलेली भिंगे घेऊन आखाड्यात उतरावे, असे मला वाटत नाही. चालणे, सावकाश सायकल चालवणे, सूर न मारता पोहणे यांना बहुधा परवानगी मिळते, पण ती हृदयरोगतज्ज्ञांनी द्यावी.

ताई, तुमच्या प्रश्नात एक गृहीत मला जाणवले: तालीम बंद म्हणजे मुलगा तिथून कायमचा बाहेर. तसे करू नये, असे मी तुम्हाला विनवते. लहानपणापासून ज्याची पहाट लाल मातीत उजाडली, त्याला एका दिवसात घरी बसवले तर तो डॉक्टरांच्या, तुमच्या आणि स्वतःच्या शरीराच्याही विरोधात जाईल. कोणी पाहत नसताना जोर काढील. कोल्हापुरात कुस्ती पैलवानांइतकीच पंच, समालोचक, प्रशिक्षक आणि जाणकार प्रेक्षक यांच्यावर उभी आहे. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात बसणाऱ्या माणसांनाही डाव कळतात, म्हणून तिथल्या कुस्तीला किंमत आहे. वस्तादांना तुम्ही दोघांनी मिळून भेटावे, कागद दाखवावेत आणि मुलाला लहान पोरांचे डाव पाहण्याचे, गुण मांडण्याचे, नियम शिकण्याचे काम देता येईल का, हे विचारावे. आपल्या पठ्ठ्याच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावर त्याला लढायला लावील असा वस्ताद मला तरी भेटलेला नाही.

शस्त्रक्रियेआधी आणखी एक तपासणी राहू नये. होमोसिस्टिनुरिया नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, त्यातही मूल उंच आणि सडपातळ असते आणि भिंगे सरकतात. तिथे तंतू ताणले न जाता झिजून तुटतात आणि भिंग बहुधा खाली आणि नाकाकडे जाते. तुमच्या मुलाची दिशा वेगळी असल्याने ही शक्यता कमी आहे, पण दिशा हा पक्का पुरावा नव्हे, आणि या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असल्यामुळे भूल देण्याआधी तो नाही हे माहीत असणे फार आवश्यक असते. रक्तातल्या होमोसिस्टीनची चाचणी त्यासाठी पुरते. तो आढळला तर खुराकाचा विचार मुळापासून बदलतो: मेथिओनिन हा प्रथिनांतला घटक जास्त असलेले अंडी, मटण, दूध यांसारखे पदार्थ मोजून द्यावे लागतात, आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाचा उपयोग होतो. म्हणून ही चाचणी होईपर्यंत खुराक आणखी वाढवू नये, एवढेच आता सांगते.

शस्त्रक्रियेची घाई करावी, असे मला वाटत नाही. भिंग सरकले आहे एवढ्याच कारणाने ते काढत नाहीत. योग्य चष्म्याने मुलाला फळ्यावरचे आणि वहीतले नीट दिसत असेल, डोळ्यातला दाब ठीक असेल आणि भिंग पुढच्या बाजूला येण्याची भीती नसेल, तर काही वर्षे थांबता येते. अगदी लहान मुलांत धूसर दिसत राहिल्याने मेंदूची पाहण्याची सवयच कच्ची राहते, म्हणून तिथे उशीर महागात पडतो. १४ व्या वर्षी ते कारण फारसे उरत नाही. चष्म्याने भागत नसेल, भिंगाची कड नेमकी बाहुलीच्या मध्यावर येत असेल किंवा नंबर स्थिर राहत नसेल, तर मात्र दहावीच्या धास्तीने शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यातही अर्थ नाही. वेळ ठरवताना दिसणे किती बिघडले आहे ते पाहावे, शाळेचे वेळापत्रक त्यानंतर.

ही शस्त्रक्रिया नेहमीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसारखी नसते, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे, नाहीतर शेजारच्या काकांचे झाले तसे दहा मिनिटांत होईल, अशी अपेक्षा राहते. मोतीबिंदूत भिंगाचे आवरण जागेवर ठेवून त्यात कृत्रिम भिंग बसवतात, आणि ते आवरण या तंतूंनीच तोलून धरलेले असते. जिथे तंतूच दुबळे आहेत, तिथे आवरणात एक कडी घालून ती डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला टाक्याने बांधतात, किंवा आवरण काढून टाकून कृत्रिम भिंग थेट त्या कवचाला बसवतात. भिंगाचे पाय कवचात खोवून गोंदासारख्या पदार्थाने पक्के करण्याची एक पद्धत तर चेन्नईतच, २००७ मध्ये, डॉ. अमर अगरवाल यांनी सुरू केली. एकेकाळी, १९५८ च्या सुमारास, सगळे भिंग अखंड काढता यावे म्हणून विशिष्ट विकर (एन्झाइम) डोळ्यात घालून डॉक्टर हे तंतू मुद्दाम विरघळवत असत. आज तेच तंतू वाचवण्यासाठी किंवा त्यांची उणीव भरून काढण्यासाठी एवढे कौशल्य खर्ची पडते. शल्यविशारदांना तुम्ही निःसंकोच विचारावे: मुलाच्या डोळ्यात किती भागातले तंतू शाबूत आहेत, तुम्ही कोणती पद्धत निवडणार आणि का, अशा लहान वयाच्या रुग्णांची शस्त्रक्रिया तुम्ही नियमित करता का, आणि दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, सुटण्याचा धोका कसा सांभाळणार? कृत्रिम भिंग फुगू-चपटे होऊ शकत नाही, म्हणून नंतर वाचनाचा चष्मा लागेल, हेही मुलाला आधीच सांगावे. कोल्हापुरात ही सोय नसल्यास पुण्या-मुंबईला जावे लागेल. शस्त्रक्रियेला भूल लागणार असल्याने इकोचा अहवाल आधी हातात असलाच पाहिजे, म्हणून क्रम हृदय, रक्त आणि मग डोळा असाच ठेवावा.

यजमान ऐकत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना घरी पटवत बसण्यापेक्षा इकोच्या वेळी सोबत न्यावे आणि डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्यावे. मोबाइलला दोष देण्यामागे त्यांचीही काळजीच आहे. मुलाच्या भल्यासाठी एखादे सुधारता येणारे कारण सापडावे, असे कोणत्या बापाला वाटणार नाही? मुलालाही सगळे खरे सांगावे, त्याच्या वयाला ते झेपते. डोळ्यांत काही बदल झाला तर सर्वांत आधी तोच सांगू शकणार आहे, आणि काय सांगायचे हे त्याला माहीत हवे. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उलटी झाली, दिसणे एकदम अंधुक झाले, तर भिंग पुढे येऊन डोळ्यातला दाब वाढला असण्याची शक्यता असते. डोळ्यात चमका दिसणे, काळे ठिपके वाढणे, एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटण्याची लक्षणे असू शकतात. छातीत किंवा पाठीत एकाएकी तीव्र कळ आली, दम लागला, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रोजच्या वापरासाठी चष्म्याच्या काचा न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या घ्याव्यात आणि वर्गात त्याला पुढच्या बाकावर बसवायला शिक्षकांना सांगावे.

पत्राच्या शेवटी तुम्ही धाकट्या मुलीचा ओझरता उल्लेख केला आहे. मार्फान असेल तर तो आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असू शकतो, आणि तसे असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत मात्र तो घरात प्रथमच उद्भवतो. म्हणून मुलाच्या अहवालात काही निघाले, तर मुलीची आणि तुमची दोघांचीही बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी आणि इको करून घ्यावी. घराण्यात कोणी उंच, सडपातळ माणूस तरुणपणी अचानक गेल्याचे आजोबांना आठवते का, तेही विचारून ठेवावे आणि हृदयरोगतज्ज्ञांना सांगावे.